गुलाबी प्लास्टरातली रोझिना

आईचा पाय मोडला त्याला आता पाच आठवडे होतील. पावसानं गॅलरीतली फरशी ओली झाली होती, चप्पल सरकली आणि बसली खाली, एवढंच. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले पोटरीतलं बारीक हाड गेलंय, फिब्युला, सहा आठवडे प्लास्टर, पाय अजिबात टेकायचा नाही. मग भाड्यानं व्हीलचेअर आणली, संडासाच्या दाराशी लाकडी फळी टाकली, सगळं केलं. पण आई गप्प झाली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, दिवसातून चारदा जिना चढउतार करणारी, भाजीवाल्याशी खालीच अर्धा तास बोलणारी, ती खिडकीशी खुर्ची लावून नुसती बसायला लागली. रेडिओसुद्धा लावेना. ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण आमच्या घरात सकाळ नाट्यसंगीताशिवाय झालेली मला आठवत नाही. आई सांगलीची, नाटकं बघतच वाढलेली.

फिब्युला हा शब्द मात्र माझ्या डोक्यात अडकून बसला होता, आधी कुठंतरी ऐकलाय असं वाटत होतं आणि दोन दिवसांनी भांडी लावताना एकदम आठवलं. जॉयस डिडोनाटो! कपाटाच्या खालच्या खणात तिची डीव्हीडी होती, मामेभावानं लंडनहून आणलेली. इटालियन संगीतकार रोस्सिनीचा ऑपेरा ‘बार्बर ऑफ सेव्हिल’, कोव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमधल्या प्रयोगाचं चित्रीकरण, २००९ सालचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुलै २००९ मध्ये लंडनला हा प्रयोग सुरू झाला, कंडक्टर अँटोनिओ पापानो, दिग्दर्शक मोशे लाइझर आणि पात्रिस कोरिए ही जोडी. नायिका रोझिना म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्ससची मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या पट्टीच्या आवाजाची गायिका, जॉयस डिडोनाटो. पहिल्याच प्रयोगात ती स्टेजवर घसरून पडली. उठली, लंगडत पहिला अंक गायली, दुसरा अंक कुबड्या घेऊन गायली, आणि मग कळलं की उजव्या पायाचं फिब्युला मोडलंय. पुढचे प्रयोग तिनं व्हीलचेअरवर बसून केले, पायाला भडक गुलाबी प्लास्टर. आणि कॅमेऱ्यात जे कायमचं राहिलं ते हेच, खुर्चीवरची रोझिना. चालती, धावती रोझिना डीव्हीडीवर नाहीच.

मी आईला फक्त एवढंच म्हटलं की तुझ्यासारखाच पाय मोडलेल्या बाईचं नाटक आहे, बघतेस का. तर म्हणाली, “कुठल्या पायाचा?” म्हटलं उजवा. म्हणाली, “माझा डावा. लाव बघू.”

लॅपटॉप टीव्हीला जोडला. सबटायटल्स इंग्रजी, त्यामुळे मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. आधी मी प्रत्येक ओळीला पॉज करायला लागले तर पाचव्या मिनिटाला ओरडली, गाणं मध्ये तोडू नकोस गं, अर्थ नंतर सांग. मग असं ठरलं की बोलण्यासारखं गातात तिथं मी सांगायचं आणि गाणं सुरू झालं की गप्प बसायचं. खरं तर ऑपेराही अशीच बांधलेली असते. कथा पुढं नेणारा भाग म्हणजे रेचितातीवो, मागं फक्त एक कळफलकाचं वाद्य, आणि मग ऑर्केस्ट्रा लागला की आरिया, जिथं घड्याळ थांबतं आणि माणूस मनातलं गातो. संगीत नाटक बघून मोठं झालेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही, आईला तरी लागली नाही.

गोष्ट साधीच आहे. डॉक्टर बार्तोलो नावाचा म्हातारा, त्याच्या ताब्यात रोझिना ही अनाथ मुलगी, तिच्या पैशासकट तिच्याशीच लग्न करायचा त्याचा बेत. म्हणून तिला घरात कोंडून ठेवलेलं. एका तरुण सरदाराचं, काउंट आल्माविवाचं तिच्यावर मन बसतं, तो लिंदोरो नावाचा गरीब विद्यार्थी असल्याचं सोंग घेतो, आणि गावचा न्हावी फिगारो त्याला घरात शिरायच्या युक्त्या देतो. एवढं सांगून होईपर्यंत आई म्हणाली, “म्हणजे शारदाच की.” देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ सालचं, आणि देवल हरिपूरचे, म्हणजे आईच्या माहेरच्या दारातलेच, त्यामुळे भुजंगनाथाची आठवण तिला न येती तरच नवल. तिथंही म्हातारा नवरदेव आणि पैशाचा व्यवहार. फरक आईनंच दुसऱ्या दिवशी सांगितला, तो पुढं येईल.

रोझिनाची पहिली आरिया, ‘ऊना वोचे पोको फा’. ही खूप जणांनी कुठं ना कुठं ऐकलेली असते. तिच्या दुसऱ्या भागात ती म्हणते की मी गुणाची आहे, नम्र आहे, सांगितलेलं ऐकते, प्रेमळ आहे, मला कुणीही वळवावं तशी मी वळते. आणि मग एक छोटा शब्द येतो, ‘मा’. म्हणजे ‘पण’. पण मला डिवचलंत तर मी नागीण होईन आणि हार मानायच्या आधी शंभर डाव टाकीन. सगळी रोझिना त्या एका ‘पण’मध्ये आहे. प्रत्येक गायिका तो शब्द वेगळा टाकते, कुणी लाडिक, कुणी धमकी दिल्यासारखा. डिडोनाटो खुर्चीत बसलीय, पाय गुलाबी प्लास्टरात समोर लांब केलेला, आणि नम्र आहे म्हणते तेव्हा ते खरंच वाटतं, कारण ती कुठं जाणार? आणि मग तो ‘पण’ येतो आणि त्यानंतर ज्या ताना सुटतात त्या सगळ्या खोलीभर पळत सुटतात. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की रोस्सिनीनं हे पळणं गळ्यात लिहून ठेवलंय. इतर प्रयोगांमध्ये रोझिना हे गाताना इकडून तिकडे फिरते, पडदे ओढते, उशा फेकते, आणि आपलं लक्ष त्यात वाटलं जातं. इथं पाय बंद, त्यामुळे जी काय पळापळ आहे ती सगळी आवाजाची. कोंडलेली मुलगी म्हणजे काय हे मी हा ऑपेरा इतक्यांदा ऐकूनही मला असं दिसलं नव्हतं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चाकावर हात बघ तिचा. चिडली की कसा घट्ट धरते.” मी बघितलंच नव्हतं. मला वाटतं हे बघायला स्वतः त्या खुर्चीत बसलेलं असावं लागतं.

आणि इथंच चित्रीकरणाचं महत्त्व आहे. थिएटरात जाऊन बघण्याची सर याला नाही असं म्हणणारे बरेच आहेत, आणि आवाजाच्या बाबतीत ते बरोबरच आहे, माणसाचा गळा माईकशिवाय एवढं मोठं सभागृह भरतो ते अंगावर काटा आणणारं असतं. पण कोव्हेंट गार्डनमध्ये दोन हजारांवर माणसं बसतात, वरच्या मजल्यावरून चाकावरची बोटं दिसणार आहेत का कुणाला? कॅमेऱ्यानं ती दाखवली. विनोदी ऑपेरात तर डोळ्यांच्या कडेनं बघणं, भुवई, बोटं याच्यावरच निम्मा खेळ चालतो.

तिच्या जिद्दीबद्दल तेव्हा सगळीकडे लिहून आलं होतं. ते आईला सांगितलं तर ती लगेच बालगंधर्वांवर गेली, १९११ सालच्या ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी गेली आणि तरी त्यांनी प्रयोग केला, ती गोष्ट. आपल्याकडे कलाकाराच्या निष्ठेचा विषय निघाला की ही गोष्ट निघतेच. पण मग आई स्वतःच थांबली आणि म्हणाली, नाही, ते वेगळं. तिथं दुःख झाकून उभं राहायचं होतं. इथं झाकलेलं काय आहे, प्लास्टर तर गुलाबी केलंय सगळ्यांना दिसावं म्हणून. मला हे फार पटलं. डिडोनाटोनं दुखापत लपवली नाही, ती रोझिनाला देऊन टाकली. खुर्ची रोझिनाची झाली.

बाकीची मंडळीही एकेक जबरदस्त. पेरूचा हुआन दिएगो फ्लोरेस आल्माविवा, पिएत्रो स्पान्योली फिगारो, अलेस्सांद्रो कोर्बेल्लीचा बार्तोलो आणि फेरुच्चो फुरलानेत्तोचा बासिलिओ. बासिलिओ हा रोझिनाचा गाण्याचा मास्तर, लुच्चा माणूस, तो बार्तोलोला सांगतो की काउंटला गावातून घालवायचं तर त्याची बदनामी करू. आणि बदनामी कशी पसरते यावर आख्खी आरिया, ‘ला कालुन्निया’. सुरुवातीला व्हायोलिनवाले बो अगदी घोडीजवळ घासतात त्यामुळे तो आवाज बारीक, खरखरीत, कानाशी कुजबुजल्यासारखा येतो, मग तीच सुरावट पुन्हा, दरवेळी एकेक वाद्य वाढत जातं, आणि शेवटी तोफ उडावी तसा ढोल. याला रोस्सिनी क्रेशेंडो म्हणतात, ही त्याची खास युक्ती होती, तीच ओळ न बदलता नुसती चढवत न्यायची. मी हे सगळं आईला वाद्यांसकट सांगत होते आणि ती एवढंच म्हणाली, “आमच्या वाड्यात नळावर सकाळी असंच व्हायचं.” आणि मग तिथल्या एका जुन्या बदनामीची गोष्ट सांगितली. ती इथं लिहिणार नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत.

पहिल्या अंकात माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे फिगारो आणि रोझिनाचं द्वंद्वगीत आणि त्याच्या मागोमाग बार्तोलोची आरिया. फिगारो सांगायला येतो की लिंदोरोला तू आवडतेस, दोन ओळींची चिठ्ठी लिहून दे. ती लाजते, मी कशी लिहू, मला लाज वाटते, आणि मग तयार लिहिलेली चिठ्ठी काढून हातात ठेवते. फिगारो चाट पडतो, मी हिला शिकवायला निघालो होतो! तो जातो न जातो तोच बार्तोलो येतो आणि चौकशी सुरू. बोटाला शाई कशी लागली? भाजलं होतं म्हणून शाई लावली. कागद सहा होते, पाच कसे? एकात मिठाई बांधून पाठवली. लेखणी का तासली? भरतकामासाठी फूल काढायचं होतं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. मग म्हातारा भडकतो आणि माझ्यासारख्या डॉक्टरला असल्या थापा मारतेस म्हणून एक असं गाणं गातो ज्यात शब्द मशीनगनसारखे सुटतात. कोर्बेल्ली या कामातला मुरलेला माणूस. तो बार्तोलोला जोकर करत नाही, त्याचा बार्तोलो खरंच धोकादायक वाटतो, घरातले कागद मोजणारा माणूस धोकादायकच असतो.

अंकाच्या शेवटी पोलीस येतात, गोंधळ होतो आणि सगळे पुतळ्यासारखे गोठतात, मग डोकं गरगरायला लागल्यासारखं सगळे एकदम गातात. या प्रयोगात तेव्हा आख्खी रंगीत खोलीच उचलली जाते आणि डुलायला लागते, बोटीसारखी. आई त्या दिवशी पहिल्यांदा खळखळून हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसली असं मी म्हणणार नाही, पण असं तरी नव्हती हसली.

दुसरा अंक दुसऱ्या दिवशी बघितला, कारण एवढा वेळ पाय एकाच जागी ठेवला तर सूज येते. दुपारपासून विचारत होती, कधी लावतेस.

मधल्या वेळात मी तिला या ऑपेराच्या जन्माची गोष्ट सांगितली. २० फेब्रुवारी १८१६, रोमचं तेआत्रो आर्जेंतिना. रोस्सिनी चोवीसचाही नव्हता पुरता. बोमार्शेच्या १७७५ च्या फ्रेंच नाटकावरून चेझारे स्तेर्बिनीनं शब्द लिहिले आणि रोस्सिनीनं सगळं संगीत तीन आठवड्यांच्या आतच उरकलं, ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीला वाजणारं वाद्यसंगीत, तर आधीच्याच दुसऱ्या ऑपेरातलं उचलून लावलं. पण याच गोष्टीवर पाइझिएल्लो नावाच्या ज्येष्ठ संगीतकारानं १७८२ मध्ये ऑपेरा केलेला आणि तो लोकांचा लाडका. त्याचा मान राखायचा म्हणून रोस्सिनीनं नावसुद्धा बदलून ‘आल्माविवा’ ठेवलं, तरी पहिल्या रात्री लोकांनी शिट्ट्या मारून प्रयोग पाडला. गिटारची तार तुटली, बासिलिओचं काम करणारा अडखळून पडला आणि त्याला नाकातून रक्त आलेल्या अवस्थेत गावं लागलं, मध्येच स्टेजवर मांजर आलं, असं सांगतात. दुसऱ्या रात्री रोस्सिनी गेलाच नाही, घरी बसला, आणि त्या रात्री प्रयोग तुफान चालला. म्हणजे पहिल्या प्रयोगाला स्टेजवर पडायची परंपरा या ऑपेरात सुरुवातीपासूनच आहे, हे आई म्हणाली, मी नाही.

दुसऱ्या अंकात गाण्याच्या शिकवणीचा प्रवेश आहे. काउंट बासिलिओचा शिष्य बनून येतो आणि बार्तोलोच्या समोर रोझिनाला गाणं शिकवतो. एकोणिसाव्या शतकात इथं मोठमोठ्या गायिका रोस्सिनीचं गाणं बाजूला ठेवून आपापलं आवडतं गाणं घालायच्या. रोझिनाचं काम मुळात खालच्या सुरांच्या गळ्यासाठी लिहिलेलं, पण उंच आवाजाच्या सोप्रानोंनी ते बरीच वर्षं आपल्याकडे ओढून नेलं होतं. आईला यात काहीच विशेष वाटलं नाही, आपल्याकडेही दुसऱ्या नाटकातलं पद लोकांच्या फर्माईशीवर गायलं जायचंच की. डिडोनाटो मात्र मूळचंच गाते, आणि गाता गाता म्हाताऱ्याला डुलकी लागली की दोघं एकमेकांशी बोलून घेतात.

मग मोलकरीण बेर्ताची एक छोटीशी आरिया येते, म्हाताऱ्याला बायको पाहिजे, पोरीला नवरा पाहिजे, सगळ्यांना वेड लागलंय. तिथं आईनं तो शारदेचा फरक सांगितला. म्हणाली, “आपल्या शारदेला नदीवर जावं लागलं जीव द्यायला. ही कागद चोरून चिठ्ठी लिहिते.” आणि थोड्या वेळानं, “तिला कुणी लिहायला शिकवलं असणार.”

शेवटी पळून जायचा बेत. रात्र, वादळ, बाल्कनीला शिडी. शिडी! मी हा ऑपेरा इतक्यांदा ऐकलाय आणि त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. “अगं, पण ही शिडीवरनं उतरणार कशी?” आई जवळजवळ ओरडलीच. तिघं गातायत, हळू, हळू, आवाज न करता शिडीनं निघू या, आणि निघत कुणीच नाही, तेच तेच गोड सुरात घोळवत बसतात आणि तेवढ्यात शिडी काढून नेलेली असते. नेहमी मला हा ऑपेराच्या रीतीवरचाच विनोद वाटायचा, निघायचंय म्हणून सांगत गात बसणारी माणसं. व्हीलचेअरमुळे त्याला आणखी एक गंमत आली, आणि थोडं पोटात कालवलंही, कारण आमच्या जिन्याला चौतीस पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही.

पुढं सगळं सुखाचं होतं, काउंट आपण कोण ते सांगतो, लग्न लागतं. आणि तिथं फ्लोरेसची शेवटची मोठी आरिया येते, ‘चेस्सा दी प्यू रेझिस्तेरे’. ही बहुतेक प्रयोगांत गाळतात, इतकी अवघड आहे आणि तोवर गोष्टही संपत आलेली असते. फ्लोरेस ती ज्या सहजपणे गातो ते ऐकून आईनं टीव्हीला खरोखर “वन्स मोअर” दिला. मलाही ती आवडतेच, पण एक मनापासून सांगते, ती आली की शेवट रोझिनाच्या हातातून निसटतो. एवढा वेळ डोकं तिनं चालवलं, आणि विजयाचं गाणं तो गातो, ती खुर्चीत बसून ऐकते. रोस्सिनीलाही कदाचित काही वाटलं असेल, किंवा नुसती चांगली धून वाया जाऊ नये असं वाटलं असेल, पण वर्षभरातच, १८१७ मध्ये, ‘चेनेरेन्तोला’ या सिंड्रेलाच्या ऑपेरात त्याच आरियाचा शेवटचा भाग त्यानं नायिकेला देऊन टाकला, आणि आज लोक तो तिचाच म्हणून ओळखतात.

संपल्यावर सगळे रांगेत येऊन वाकले, टाळ्या थांबेनात. आई पडद्याकडे बघत होती आणि प्लास्टरवर बोटांनी ताल धरला होता, तिच्या ते लक्षात पण नव्हतं.

मग म्हणाली, “पुढं सुखी होते का गं ती?”

मला उत्तर माहीत होतं. बोमार्शेनं पुढचं नाटकही लिहिलं, आणि मोत्सार्टनं त्याचा ऑपेरा रोस्सिनीच्या तीस वर्षं आधीच, १७८६ मध्ये करून ठेवलाय. त्यात हीच रोझिना काउंटेस झालेली आहे, आणि हाच काउंट घरातल्या मोलकरणीच्या मागं लागलाय. तिथं ती एकटी उभी राहून विचारते की ते गोड दिवस कुठं गेले. मी काय बोलावं ते मला कळेना. म्हटलं, त्या पुढच्या गोष्टीचा दुसरा ऑपेरा आहे, पण त्यात जरा रडू येतं.

“किती मोठा आहे?”

म्हटलं, याच्याहून मोठा. तीन तासांच्या वर.

“मग दोन दिवस लागतील,” आई म्हणाली. “शनिवारी लाव. पुढच्या गुरुवारी प्लास्टर काढणार आहेत, त्याच्या आधी बघून होईल.”